मॉरीचं कुंपण आणि नोलाचा हिवाळी नाताळ

"एकवीस जूनला, जेवता जेवता, मॉरी टलॉक स्वतःच्या तोंडानं म्हणणार आहे, की नोला, मी उद्याच्या उद्या कुंपण कापतो! आणि मी त्याला कुंपणाबद्दल एक अवाक्षर बोललेली नसेन. लिहून ठेव हवं तर!"

नोला कॅरडसनं ही घोषणा केली तेव्हा तिच्या हातात लाटणं होतं, त्यामुळे घोषणेला आपोआपच वजन आलं. समोर तिचा नवरा हेक्टर चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसला होता. प्यायला नव्हे, शेकायला.

"कागद कुठाय?" तो म्हणाला.

"चेष्टा करू नकोस."

"चेष्टा कुठे! बोटं वळत असती तर खरंच लिहून ठेवलं असतं."

घोडं पेंड खात होतं ते इथेच. हेक्टरची बोटं! या बोटांनी चाळीस वर्षं ग्लेनमोर गावच्या हॉलमध्ये अकॉर्डियन वाजवलं होतं. गावातली निम्मी लग्नं त्या अकॉर्डियनवर नाचता नाचता जुळली आणि उरलेली निम्मी, हेक्टर म्हणतो, त्याच अकॉर्डियनमुळे टिकली, कारण ते वाजत असताना भांडण ऐकू येत नसे. म्हातारपणी बोटांत वात शिरला. पण त्यावरही तोड होती. बैठकीच्या मोठ्या खिडकीत आरामखुर्ची होती आणि हिवाळ्यात अकरा ते दोन तिच्यावर ऊन यायचं. थिजलेलं तूप पातळ व्हावं तशी हेक्टरची बोटं त्या उन्हात सैल व्हायची. बरोबर एक वाजता पहिला सूर निघायचा. समोरच्या रस्त्यावरची माणसं त्यावर घड्याळं लावायची.

हे सगळं तीन हिवाळ्यांमागचं. कारण खिडकी आणि सूर्य यांच्या मधोमध शेजारच्या मॉरीचं कुंपण होतं. कुंपण म्हणजे मॅक्रोकार्पाची, सुरूसारखी दाट, सदाहरित झाडं, एकमेकांना खेटून लावलेली. आधी मॉरी ती दरवर्षी शिडी लावून डोक्याएवढी कापायचा, वरून अशी सपाट करायचा की त्यावर चहाचा ट्रे ठेवावा. मग काय झालं कोण जाणे, त्यानं कापणं सोडलं! तीन वर्षांत झाडं छपराच्या वर गेली. इकडे दक्षिण गोलार्धात हिवाळा जून-जुलैत येतो, आणि हिवाळी सूर्य आधीच उत्तरेकडून मान खाली घालून चालतो, हरवलेलं बटण शोधत असल्यासारखा. त्याला अडवायला एवढं कुंपण म्हणजे फारच झालं. नोलाच्या बैठकीत भर दुपारी दिवा लागायला लागला. मांजरसुद्धा घर सोडून मॉरीच्या पायरीवर राहायला गेलं. अकॉर्डियन पेटीत गेलं ते गेलंच.

आणि येत्या ऑगस्टमध्ये गावच्या हॉलला शंभर वर्षं पूर्ण होत होती! कार्यक्रमाची पत्रिका छापून आली होती. सगळ्यात खाली, जोडीनं नाचायच्या शेवटच्या धुनेसाठी, लिहिलं होतं: 'शेवटचा वॉल्ट्झ: हेक्टर कॅरडस, अकॉर्डियन.' हेक्टरनं ती पत्रिका उलटी करून कपाटावर ठेवली होती. रोज धूळ पुसताना नोला ती सुलटी करायची आणि संध्याकाळपर्यंत ती पुन्हा उलटी व्हायची. दोघं त्याबद्दल बोलत नसत.

"अगं, सरळ सांग ना मॉरीला," हेक्टर म्हणाला.

नोलानं त्याच्याकडे असं बघितलं, जणू तो तिला चर्चमध्ये झोपायचे कपडे घालून जा म्हणाला.

"शेजाऱ्याला? सरळ?"

आता तिचंही चुकत नव्हतं म्हणा. ग्लेनमोरमध्ये माणसं एकमेकांसाठी जीव देतील, पण तक्रार करणार नाहीत. तुमचा बैल माझ्या कोबीत शिरला, तर मी तुम्हाला फोन करून विचारणार, "बैलाची तब्येत बरी आहे ना? जरा भुकेला वाटला." तुम्ही लगेच दोर घेऊन येणार, आणि मी तुम्हाला उरलेला कोबी भेट देणार. अशा गावात सरळ बोलायचं म्हणजे दगड मारण्यासारखंच!

सूचक बोलून झालं होतं. तीन वर्षं नोला फाटकापाशी उभी राहून म्हणत होती, "मॉरी, काय उंच झालंय रे तुझं कुंपण!" त्यावर मॉरी शाळकरी मुलासारखा लाजायचा. गेल्या नाताळात तिनं त्याला झाडं कापायची मोठी कात्री भेट दिली, लाल फीत बांधून. यापेक्षा आणखी काय सांगायचं माणसानं! मॉरीनं ती फितीसकट भिंतीवर टांगली. "वापरायचा जीवच होत नाही गं," तो म्हणाला, "इतकी सुंदर आहे!"

म्हणून आता हा बेत. खरा नाताळ इथे घामाच्या धारांत येतो, म्हणून जूनमध्ये, वर्षातल्या सगळ्यात छोट्या दिवशी, लोक गारठ्यातला नाताळ पुन्हा एकदा करतात. नोलानं ठरवलं, यंदा मॉरीला एकट्यालाच जेवायला बोलवायचं. त्याला त्या खिडकीतल्या खुर्चीत बसवायचं. शेगडी पेटवायची नाही. जेवण संपेपर्यंत मॉरी गारठेल, मान वर करेल, खिडकीबाहेर बघेल, तिथे कुंपण दिसेल, आणि त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडेल!

"शेगडी तर तशीही पेटवत नाहीस तू," हेक्टर पुटपुटला.

ही टीका होती आणि नोलानं ती ऐकून न ऐकल्यासारखी केली. पाच वाजायच्या आत शेगडी पेटवायची नाही, हा तिच्या आईचा नियम होता. मागे शेडमध्ये अर्धं शेड भरून लाकडं असली तरी नियम तो नियम.

एकवीस तारखेला बारा वाजता मॉरी आला. हाफ पँट घालून!

मॉरी बारा महिने हाफ पँटमध्ये असतो, हे नोला बेत आखताना साफ विसरली होती. बर्फ पडो, गारा पडो, या माणसाचे गुडघे कायम उघडे. याला गारठवायचं म्हणजे पेंग्विनला गारठवण्यासारखं!

"जरा हवा खेळू दे," म्हणत तिनं खिडकी उघडली. मागचं दारही उघडलं. नाताळच्या कागदी टोप्या घालून तिघं जेवायला बसले. टोप्या वाऱ्यावर फडफडू लागल्या. भाजलेल्या मटणावर ग्रेव्ही ओतली तर तिच्यावर साय धरली, मग त्या सायीवर साय धरली. उकडलेला स्वीडचा कंद चमच्याला दाद देईना. फक्त पाव्हलोव्हा केकवरच्या क्रीमला हवा मानवली होती. हेक्टरनं आपला सगळ्यात जुना, कोपरावर फाटलेला स्वेटर घातला होता, कारण त्याखाली आणखी तीन स्वेटर मावत होते. सुरी काही त्याच्या बोटांत राहीना. दोनदा पडली. तिसऱ्यांदा त्यानं ती उचललीच नाही, नुसताच बटाटा खात बसला.

पाऊण वाजता मॉरीचे गुडघे निळे पडले.

"नोला," तो हळूच म्हणाला, "शेगडी... पेटवली नाहीत?"

आता! नोला मनातल्या मनात ओरडली.

"पाचच्या आत नाही पेटवत आम्ही," ती गोड आवाजात म्हणाली. "लाकूड जपून वापरलेलं बरं. पूर्वी या खिडकीत छान ऊन यायचं बघ. त्यावर भागायचं."

मॉरीनं थंड शेगडीकडे बघितलं. हेक्टरच्या फाटक्या कोपराकडे बघितलं. न खाल्लेल्या मटणाकडे बघितलं. मग खिडकीबाहेर, कुंपणाकडे, बराच वेळ बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी तरारलं.

"मला कळलं, नोला," त्यानं तिचा हात हातात घेतला. "सगळं कळलं! तू एक शब्द बोलू नकोस. इतकी वर्षं शेजारी राहून मी आंधळाच राहिलो गं!"

नोलाला आनंद मावेना. बघितलंस ना, असं हेक्टरला सांगायला तिनं टेबलाखालून जोरात लाथ मारली. ती मॉरीच्या गुडघ्याला लागली.

"आई गं!" मॉरी किंचाळला आणि डोळ्यांतलं पाणी गालांवर आलं.

"किती वाईट वाटलंय बघ बिचाऱ्याला," तो लंगडत घरी गेल्यावर नोला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर इंजिनाची घरघर ऐकू आली. "करवत!" नोला गाऊनवरच अंगणात धावली.

करवत नव्हती. मॉरीची पिकअप होती, उलटी येत होती, आणि तिच्यात काठोकाठ सुकी लाकडं होती.

"मॉरी! हे काय?"

"एक शब्द नको!" मॉरीनं हात वर केला. "माझ्याकडे जास्तीची होती. वाईट दिवस कुणावरही येतात."

वाईट दिवस? नोलाला अर्थ लागेपर्यंत फाटकात ग्लेनिस वॉट उभी राहिली. ग्लेनिस पोस्टाच्या खिडकीवर बसते आणि पत्राआधी बातमी पोचवते. तिच्या एका हातात सुपाचं पातेलं होतं, दुसऱ्या हातात पिशवी.

"मॉरीनं कुणालाही सांगू नका म्हणून सांगितलंय," ती कुजबुजली, "म्हणून फक्त गावातच सांगितलं. हे सूप घे. आणि हे स्वेटर, हेक्टरसाठी."

त्यातला एक स्वेटर नोलानंच गेल्या वर्षी चर्चच्या विक्रीला दिला होता.

"अगं ग्लेनिस, पण आम्ही काही..."

"लाजायचं नाही!" ग्लेनिसनं तिला मिठी मारली. "फाटका स्वेटर घालून माणूस फक्त बटाटा खातो, म्हणजे काय ते आम्हाला कळत नाही होय?"

दुपारी तर अग्निशमन दलाची लाल गाडी आली! दलात सगळे गावातलेच हौशी, त्यांनी लाकडं गोळा केली होती. कॅरडसांची अब्रू जपावी म्हणून त्यांनी सायरन वाजवला नाही. नुसतेच वरचे दिवे फिरवत, पायी चालणाऱ्याच्या वेगानं, अख्ख्या रस्त्यावरून आले. ज्या घरांना अजून कळलं नव्हतं त्यांनाही कळलं.

"आता तरी खरं सांगून टाक," हेक्टर म्हणाला. तो नवा स्वेटर घालून सूप पीत होता आणि संकटात असल्यासारखा अजिबात दिसत नव्हता.

"काय सांगू? आम्हाला तुमची लाकडं नकोत, मॉरीचं कुंपण नकोय? त्याच्या डोळ्यांत पाणी होतं रे!"

"तू त्याच्या गुडघ्यावर लाथ मारली होतीस."

"त्याच्या आधीसुद्धा होतं!"

आठ दिवसांत शेड दारापर्यंत भरलं. माणसं येता-जाता लाकडं टाकून जात होती. आणि मग गुरुवारी सकाळी मॉरी दात घासता घासताच, ब्रश तोंडात ठेवून, फाटकात धावत आला.

"नोला! मी किती मूर्ख आहे! बाहेरून कशाला लाकडं आणायची? तुझ्या खिडकीसमोर दोन-तीन हिवाळ्यांची लाकडं उभी आहेत की! कुंपणच तोडतो! सगळं तुमचं!"

नोलानं फाटकाचा खांब धरला. तीन वर्षं ज्याची वाट बघितली ते समोर, दात घासायच्या फेसासकट! पण ग्लेनमोरच्या बाईनं एकदा तरी नको म्हणायलाच हवं.

"अरे नको मॉरी," ती म्हणाली, "तुझं एवढं लाडकं कुंपण..."

मॉरी विचारात पडला. आत खिडकीत हेक्टरनं डोळे मिटून घेतले.

"नाही! ठरलं म्हणजे ठरलं!" मॉरी म्हणाला.

शनिवारी सगळा गाव लोटला. पाच करवती, वीस माणसं, दोन ट्रॅक्टर. नोला स्वयंपाकघरात चीज रोल भाजत होती आणि प्रत्येक झाड पडलं की एक रोल तव्यावरून उडी मारत होता. साडेबाराला मधलं मोठं झाड कोसळलं. आणि बैठकीत ऊन आलं!

ते सरळ आत आलं, कुणी विचारायची वाट न बघता. गालिच्यावर आलं, आरामखुर्चीवर आलं. गालिच्याचा मूळ रंग हिरवा होता, हे नोलाला तेव्हा आठवलं. हेक्टर खुर्चीत बसला आणि दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून त्यानं ते उन्हात धरले. मांजरही आलं. तीन वर्षं काही झालंच नाही असं तोंड करून पायाशी बसलं. नोला दारात उभी राहून बघत होती. तव्यावरचा रोल करपल्याचा वास सगळ्या घरात भरला तरी ती हलली नाही. थोड्या वेळानं हेक्टरनं एक बोट वाकवलं. मग दुसरं.

"अकॉर्डियन आणू?" तिनं विचारलं.

"थांब. अजून थोडं तापू दे."

म्हणून ती चहाचं बघायला गेली. परत येते तो ऊन हेक्टरच्या मांडीवर नव्हतं. पोटावर होतं.

"हेक्टर, तू सरकलास का?"

"मी नाही सरकलो. ऊन सरकलं."

ऊन छातीवर गेलं. हनुवटीवर गेलं. नोला खिडकीशी धावली. बाहेर वीस माणसं रांगेत उभी राहून, हातोहात फोडलेली लाकडं पुढे देत होती, आणि खिडकीच्या अगदी समोर ती शिस्तीत, एकावर एक, भिंतीसारखी रचली जात होती!

"थांबा!" नोला बाहेर आली. "इथे का?"

"अगं, ओलं लाकूड आहे," मॉरी घाम पुसत म्हणाला. "दोन उन्हाळे तरी वाळायला हवं. शेड तर भरलंय. चांगलं ऊन लागेल अशी जागा हवी ना!"

"आणि आजपासून तुझ्याकडे इतकं मस्त ऊन येतंय!" ग्लेनिस म्हणाली. "किती बरं झालं ना?"

वीस चेहरे कौतुकानं नोलाकडे बघत होते. दमलेले, भुशानं माखलेले, प्रेमळ चेहरे. नोलानं तोंड उघडलं. आता सांगायचं. आता नाही तर कधीच नाही.

"चहा... चहात साखर किती?" ती म्हणाली.

ती आत आली तेव्हा ऊन फक्त हेक्टरच्या टाळूवरच्या केसांच्या शेंडीवर उरलं होतं. मग तेही गेलं. मांजर उठलं आणि मॉरीकडे गेलं.

आता पुढचं ऐका. ग्लेनमोरनं एवढी लाकडं दिली, तर ती जळताहेत की नाही हे ग्लेनमोर बघणारच! रोज सकाळी आठ वाजले की अख्ख्या गावाच्या नजरा कॅरडसांच्या धुराड्याकडे. साडेआठपर्यंत धूर दिसला नाही की ग्लेनिसचा फोन. "नोला, बरं आहे ना? काडेपेटी आहे ना? पाठवू का?" नऊला मॉरी फाटकात. एकदा तर लाल गाडी येऊन उभी राहिली, आग का लागली नाही म्हणून चौकशी करायला! नोलाच्या आईचा नियम चार दिवसांत मोडला. शेगडी सकाळी आठला पेटायची ती झोपेपर्यंत धगधगायची. घरात अशी काही ऊब झाली, की भर जुलैत हेक्टर बनियनवर बसायला लागला. नोला खिडक्या उघडायची. खिडकीतून लाकडं दिसायची.

आणि एका मंगळवारी, एक वाजता, नोला बटाटे सोलत असताना बैठकीतून सूर आला. एकच, तोही जरासा कुरकुरणारा. मग दुसरा आला. मग अडखळत, ठेचकाळत, वॉल्ट्झची पहिली ओळ पुरी झाली. नोला तशीच उभी राहिली, हातात अर्धा सोललेला बटाटा. रस्त्यावरून कुणीतरी ओरडलं, "एक वाजला रे!"

कपाटावरची पत्रिका संध्याकाळी सुलटीच होती.

"मी तीन वर्षं सांगतोय तुला, दुपारची शेगडी पेटव," हेक्टर म्हणाला.

"ऊन ते ऊन," नोला म्हणाली. एवढं सगळं होऊनही बाईनं हार काही मानली नाही!

ऑगस्टमध्ये हॉल खच्चून भरला. हेक्टरनं शेवटचा वॉल्ट्झ वाजवला, आणि दोन ठिकाणी चुकला तेव्हा लोकांनी जास्तच टाळ्या वाजवल्या. मॉरी नवी हाफ पँट घालून नोलाबरोबर नाचायला आला, पण तीन फेऱ्यांतच थांबला.

"गुडघा गं," तो म्हणाला. "गेली तीन वर्षं शिडीच चढवत नाही. म्हणून तर ते कुंपण तसं वाढलं. मला केव्हाचं कुणाकडून तरी कापून घ्यायचं होतं, माझ्याही वाफ्यांवर सावली पडायची. पण तू दर वेळी इतकं कौतुक करायचीस! काय उंच झालंय, मॉरी, काय उंच झालंय! म्हटलं, नोलाला आवडतंय, राहू दे. वर ती कात्री दिलीस. भिंतीवर लावायला."

नोलाचा पाय त्याच्या पायावर पडला.

"म्हणजे मी नुसतं म्हटलं असतं, की मॉरी, कापून टाक..."

"तर त्याच दिवशी माणूस बोलावला असता!"

त्या रात्री नोलानं शपथ घेतली. यापुढे जे काय ते सरळ बोलायचं! रविवारी सकाळी तिनं हेक्टरसमोर उभं राहून सराव केला. "मॉरी, ती लाकडं खिडकीसमोरून हलव." सोपं वाक्य. पाच वेळा म्हटलं, एकदाही अडखळली नाही. मग ॲप्रन सोडला, केस नीट केले आणि बाहेर गेली.

मॉरी लाकडांपाशीच होता. गुडघ्याला पट्टा बांधून, एक वाकडं बसलेलं लाकूड हलक्या हातानं सरळ करत होता. तिला बघून त्याचा चेहरा खुलला. लाकडांच्या भिंतीमागे, खिडकीत, हेक्टर पायाच्या चवड्यांवर उभा होता. त्याचे फक्त केस आणि एक हात दिसत होता. हात सारखा हलत होता: बोल! बोल!

"मॉरी," नोला म्हणाली.

"हं?"

"ही लाकडं..."

"बरी रचलीत ना?" मॉरीनं काळजीनं विचारलं.

नोलानं खिडकीतल्या त्या हाताकडे बघितलं.

"काय उंच रचलीस रे!" ती म्हणाली.

मॉरी लाजला. आणि पुढच्या शनिवारी, खास नोलासाठी, आणखी दोन थर चढवून गेला.